आक्काताईंचा पाच वाजताचा सूर्यास्त

अजितकुमार चौगुल्यांनी यंत्र बनवायला घेतलं तेव्हा त्यांच्या मावशीचं, म्हणजे आक्काताईंचं, वजन बेचाळीस किलो होतं. हा आकडा आधीच सांगून ठेवलेला बरा. कारण पुढं यंत्रात एकेक सोय वाढत गेली तसा आक्काताईंचा एकेक किलो उतरत गेला, आणि सांगलीच्या विश्रामबागेत शहाण्या माणसांची काही कमतरता नसताना या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आक्काताई एकोणऐंशी वर्षांच्या. सगळं आयुष्य तासगावच्या मळ्यात गेलं. दिवाळीच्या आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मळ्यात बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून भाच्यानं आपल्या फ्लॅटवर आणलं. घर जैनांचं. सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा नेम आक्काताईंनी परकर-पोलक्यात असल्यापासून पाळलेला. अजितकुमारांचा नेम सूतगिरणीतल्या दुसऱ्या पाळीत सुटला तो सुटलाच. ते आणि त्यांची बायको विजयमाला रात्री आठला जेवायचे. त्यामुळं सूर्यास्ताच्या आत शिजवायचं ते फक्त आक्काताईंसाठी. विजयमालावहिनी पतसंस्थेत रोखपाल. साडेपाचला घरी यायच्या आणि सहाच्या आत ताट वाढायच्या. पहिला आठवडा हे व्यवस्थित चाललं.

दुसऱ्या आठवड्यात आक्काताईंचा सूर्य पाच वाजता बुडायला लागला.

फ्लॅटच्या पश्चिमेला नुकतीच एक सहा मजली इमारत उभी राहिली होती आणि पावणेपाचलाच ऊन तिच्यामागं जायचं हे खरं. पण म्हणून सूर्य काही बुडत नाही. आक्काताई मात्र पाचच्या ठोक्याला पाण्याचा शेवटचा घोट घ्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि जाहीर करायच्या, "बुडाला सूर्य. माझं झालं."

घड्याळ दाखवलं तर म्हणायच्या, "ते माणसानं केलंय." मोबाईल दाखवला तर बघायच्याच नाहीत. गच्चीवर नेऊन सूर्य दाखवावा तर इमारतीला लिफ्ट नाही आणि आक्काताईंचे गुडघे तीन मजले चढायच्या लायकीचे नाहीत. विजयमालावहिनींनी दोन दिवस पहाटे उठून संध्याकाळचंही करून ठेवलं, तर "शिळं मला सोसत न्हाई" म्हणून तेही बंद. सकाळी अकराचं एक जेवण, तेवढ्यावर सगळा कारभार. डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं आणि सरळ सांगितलं, "अडतीसच्या खाली गेल्या तर मी कुणाचं ऐकणार नाही. दवाखान्यात ठेवून सलाईन लावीन."

"त्यापरीस मला तासगावला नेऊन सोडा," आक्काताई म्हणाल्या. "मरायचं तर मळ्यात मरीन."

आता दुसरा कुणी माणूस असता तर घाबरला असता. अजितकुमारही घाबरले, पण आत कुठंतरी त्यांना बरंही वाटलं. माधवनगरच्या सूतगिरणीत चौतीस वर्षं मेन्टेनन्सचे फोरमन म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात घरातल्या न बिघडलेल्या सगळ्या वस्तू त्यांनी दुरुस्त करून टाकल्या होत्या. मिक्सर तर दोनदा. विजयमालावहिनींनी इस्त्री कपाटात कुलपात ठेवली होती. अशा वेळी चालून आलेलं काम कोण सोडतो? खरा सूर्यास्त कधी होतो ते घरबसल्या दाखवणारं यंत्र बनवायचं, त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांची मुलगी उत्कर्षा पुण्याला एका कंपनीत 'प्रॉडक्ट टीम'मध्ये आहे. ती कंपनी नेमकं काय बनवते ते अजितकुमारांना तीन वर्षांत कळलेलं नाही, आणि जे हातात धरता येत नाही ते बनवलं कसं म्हणायचं, हा त्यांचा जुना प्रश्न आहे. तरी कौतुकानं त्यांनी फोन केला.

"बाबा, तुम्ही आक्काआजीला विचारलंत का, ती पाचला का थांबते?"

"का म्हणजे? सूर्य बुडाला असं वाटतं म्हणून."

"ते तिनं सांगितलं. वापरणारा सांगतो ते आणि त्याची खरी अडचण, यात पुष्कळदा फरक असतो. दोन दिवस नुसतं तिच्याजवळ बसून बघा. काही बनवू नका."

नुसतं बसून बघा! चौतीस वर्षं ज्याच्या एका हाकेवर सूत काढणाऱ्या बारा हजार चात्या फिरायच्या त्याला ही कालची पोर सांगते की बसून बघा. "बरं बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले.

टीम मात्र त्यांनीही केली. एकट्यानं करण्यात मजा नाही हे गिरणीनं शिकवलं होतं. पहिला सदस्य वीरधवल. हा गिरणीत त्यांच्या हाताखाली वायरमन होता, आता माधवनगरात टीव्ही आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. दुसरे खालच्या मजल्यावरचे विष्णुपंत. हे मूळचे वाईचे, साताऱ्याच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. यंत्रातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण सभा कशी चालवावी हे कळत होतं, आणि सभा तर रोजच व्हायची. सकाळी दहाला पार्किंगमध्ये तीन खुर्च्या, एक थर्मास.

वीरधवलनं चौथ्या दिवशी यंत्र आणून ठेवलं. गच्चीवर उन्हाचा सेन्सर, तिथून खाली वायर, वायरीच्या टोकाला एक लाल दिवा. ऊन असेपर्यंत दिवा बंद, सूर्य गेला की लागतो. बस्स.

"फोरमनसाहेब, झालंय की. चला, म्हातारीला दाखवू या."

अजितकुमार उठलेही होते. पण विष्णुपंतांनी हात वर केला. "चौगुले, अर्धवट वस्तू माणसाला दाखवू नये. मत वाईट होतं ते कायमचं होतं. साताऱ्याला आम्ही कच्चा मसुदा साहेबांच्या नजरेला कधी पडू दिला नाही."

"आवं पंत, पर चालतंय की यंत्र," वीरधवल म्हणाला.

"चालतं तर अर्धवट वस्तूसुद्धा," विष्णुपंत म्हणाले. तिघंही परत बसले. त्या सोमवारी वजन एक्केचाळीस.

मग सोयी सुरू झाल्या. आक्काताईंना दिवा दिसला नाही तर? म्हणून घंटा. घंटेनं दचकल्या तर? म्हणून आधी पाच मिनिटं एक हळू घंटा. वीज गेली तर? बॅटरी. दरम्यान अजितकुमारांनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जिनमंदिरात, विश्वस्त लालासाहेबांच्या कानावर हा विषय घातला. लालासाहेब डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "कडक नेमाची माणसं सूर्यास्ताच्या दोन घटका आधी थांबतात. अठ्ठेचाळीस मिनिटं." म्हणून पिवळा दिवा. पिवळा आणि लाल आहे तर हिरवा नको का? हिरवा. आता यंत्र तासगाव नाक्यावरच्या सिग्नलसारखं दिसायला लागलं आणि टीमला मोठं समाधान वाटलं.

उद्घाटनाला लालासाहेबांना दुपारी जेवायला बोलावलं. रविवार होता, विजयमालावहिनींनी सकाळपासून पुरणपोळ्या केल्या. आक्काताई आपलं अकराचं जेवण उरकून खुर्चीत बसलेल्या. भिंतीवर यंत्र, त्यात हिरवा दिवा. लालासाहेबांनी तुपात बुडवलेला दुसरा घास उचलला आणि त्याच क्षणी हळू घंटा, मोठी घंटा, पिवळा, लाल असं सगळं एकदम सुरू झालं. दुपारचे साडेबारा. घंटा गिरणीच्या भंगारातून आणलेली, बंद व्हायचं नाव घेईना. शेजारची पाच-सहा दारं उघडली. वीरधवल धावत गच्चीवर गेला. चौथ्या मजल्यावरच्या मयूरीनं सेन्सरवर गोधडी वाळत घातली होती.

गोधडी निघाली, हिरवा दिवा लागला, पण लालासाहेबांनी घास ताटात ठेवून दिला होता तो ठेवूनच दिला.

"घ्या ना, घ्या ना, चूक झाली," अजितकुमार अक्षरशः हात जोडून म्हणाले.

"नको, नको. यंत्रानं एकदा सांगितलं, आता त्याचा मान राखायला पाहिजे," लालासाहेब म्हणाले. त्यांनी हात धुतले आणि जाताना अजितकुमारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंत्र उत्तम आहे हं." उपाशीपोटी एवढं बोलायला मन मोठं लागतं. आक्काताई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "भर दुपारी साडेबारालाच? लय पुढं गेलं रं यंत्र." पण आक्काताईंचं मत कुणी विचारलेलं नव्हतं. वजन चाळीस.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत ठरलं की सेन्सरवर विसंबण्यात अर्थ नाही. वर्षभराच्या सूर्यास्ताच्या वेळाच यंत्रात भरायच्या. म्हणजे यंत्राचं घड्याळ झालं. आणि घड्याळावर आक्काताईंचा विश्वास नाही म्हणून तर यंत्र सुरू केलं होतं. हे तिघांनाही माहीत होतं, त्यामुळं कुणी बोललं नाही.

"पण वेळा अधिकृत हव्यात," विष्णुपंत म्हणाले. "उद्या कुणी विचारलं, कशावरून? तर कागद पाहिजे. साताऱ्याला माझा शब्द आहे."

अजितकुमार आणि विष्णुपंत सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. कचेरीच्या दारात शिपायानं "कोण आपण?" असं विचारलं तेव्हाच अजितकुमारांना शंका आली, पण विष्णुपंतांच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी ती गिळली. विष्णुपंतांनी अर्ज सुरेख लिहिला होता. विषय, सूर्यास्ताच्या वेळा प्रमाणित करून मिळणेबाबत. पहिल्या टेबलानं तो वाचून दुसऱ्याकडं पाठवला, दुसऱ्यानं जेवणाची सुट्टी घेतली, तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी मात्र चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"जिल्हा कुठला?"

"सांगली."

"मग साताऱ्याला का आलात?"

"इथं माझी ओळख आहे," विष्णुपंत म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. ओळख पटल्याचं काही चिन्ह दिसलं नाही. "बरं, सूर्योदयाचा अर्ज वेगळा करावा लागेल."

"सूर्योदय नकोय आम्हाला."

"नुसता सूर्यास्त देता येत असेल असं वाटत नाही मला." बाईंनी खिडकीबाहेर बोट केलं. "आणि कुठला सूर्यास्त धरायचा सांगा. इथं तर तो लवकरच यवतेश्वराच्या डोंगरामागं जातो. आम्ही धरलाय का त्याला सूर्यास्त? आमची सुट्टी होते सव्वासहाला."

आता या बाईंना काय म्हणावं! आक्काताईंचा सगळा खटला त्यांनी एका वाक्यात मांडला होता. पण अजितकुमारांचं लक्ष शिक्क्याकडं होतं. शेवटी आवक बारनिशीचा, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा, गोल शिक्का तेवढा अर्जाच्या पोचीवर बसला, आणि परतीच्या एसटीत विष्णुपंत तो कागद मांडीवर सपाट करून म्हणाले, "मंजुरीच म्हणायची ही. नाकारायचं असतं तर शिक्का दिला नसता." वेळा मात्र त्यांनी अजितकुमारांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावरून उतरवून घेतल्या. वजन एकोणचाळीस.

विजयमालावहिनी त्या रात्री पहिल्यांदा बोलल्या. "अहो, ते यंत्र राहू दे आता. आक्कांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातायत."

"म्हणून तर घाई चाललीय," अजितकुमार म्हणाले.

घाई म्हणजे अशी. आता यंत्र एका घरापुरतं न ठेवता बस्तीतल्या आठ घरांत तीन दिवस चाचणीला द्यायचं ठरलं. उत्कर्षाच फोनवर म्हणाली होती, "बाबा, चार लोकांना वापरायला तरी द्या." तिला चार लोकांत आक्काआजी पहिली अपेक्षित होती. पण आक्काताईंना शेवटी, सगळ्यांचे अभिप्राय आल्यावर, संपूर्ण निर्दोष यंत्र द्यायचं असा टीमचा निर्णय होता. यंत्र कशात बसवायचं यावर दोन सभा गेल्या. प्लास्टिकचे डबे पुण्याहून मागवायचे तर पाचशे नगांच्या खाली कुणी द्यायला तयार नाही. शेवटी वीरधवलच्या मेहुण्याच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे आठ डबे आणले. पोह्याचे असतात तसे, घट्ट झाकणाचे, मध्यम. झाकणाला तीन भोकं पाडून दिवे बसवले, आत बॅटरी आणि घंटा. स्वयंपाकघरात शोभून दिसतील, हे विष्णुपंतांचं मत पडलं, आणि हे एक मत त्यांचं खरंच बरोबर होतं.

प्रत्येक डब्यासोबत विष्णुपंतांनी छापलेला अभिप्रायाचा कागद. एकूण चौदा प्रश्न, प्रत्येकाला दहापैकी गुण. गुरुवारी दुपारी डबे परत आणून द्यायचे.

ज्या सोमवारी डबे वाटले त्या सोमवारी वजन साडेअडतीस.

गुरुवारी अजितकुमार दुपारीच वीरधवलला आणायला माधवनगरला गेले. आलेले डबे लगेच उघडून तपासायचे होते. विजयमालावहिनींच्या पतसंस्थेची त्या दिवशी सभा होती, त्या साडेसहाला येणार होत्या. घरी आक्काताई एकट्या. दुकानात गिऱ्हाईक निघालं, त्यात उशीर झाला, आणि दोघं परत आले तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

डबे जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडलेले होते. लोक येऊन ठेवून गेले होते. शेजारी अभिप्रायाचे आठ कागद. अजितकुमारांनी आधी कागद घेतले. दहापैकी दहा. दहापैकी दहा. चौदाही प्रश्नांना दहापैकी दहा, आठही घरांत. खाली शेरे होते, 'अतिशय उपयुक्त', 'लय भारी', 'चौगुलेकाकांनी समाजाचं नाव काढलं'. फक्त दीपाली पाटलांनी एक सूचना केली होती. 'हाच डबा मोठ्या साईजमध्ये मिळेल का?'

"बघ," अजितकुमार वीरधवलला म्हणाले. "बघ गड्या."

वीरधवलनं पहिला डबा हातात घेतला आणि तो थांबला. "फोरमनसाहेब, वजन लागतंय ह्याला."

झाकण उघडलं. आत काठोकाठ शंकरपाळी. दुसऱ्यात शेंगदाण्याचे लाडू. तिसऱ्यात बेदाणे, चांगले पिवळेधमक. बॅटरी आणि घंटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, डब्याशेजारी नीट ठेवलेली. कुणाचा डबा मोकळा परत देतात का? द्यायची पद्धतच नाही. डबा चौगुल्यांचा, मग त्यात काहीतरी घालूनच परत जाणार, आणि घालायचं तर आतलं सामान काढायला नको? एका घरानं तर काढायचे कष्टही घेतले नव्हते. वायरींवरूनच साखर ओतली होती.

वीरधवलनं एक बॅटरी मीटरला लावून बघितली, मग दुसरी, मग सगळ्या. "ह्या कुणी चालूच केलेल्या न्हाईत," तो म्हणाला. "आठातली एक बी न्हाई. भरलेल्याच हायत."

अजितकुमार खुर्चीत बसले. दहापैकी दहा लिहिलेले कागद त्यांच्या हातात होते. आठ सज्जन घरं. एकालाही असं म्हणवलं नाही की, काका, आम्हाला याचा उपयोग नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की टेबलावर डबे सातच आहेत.

आठवा आक्काताईंच्या मांडीवर होता. त्या गॅलरीच्या दाराशी पाट टाकून बसल्या होत्या आणि डब्यातला चिवडा मूठ मूठ खात होत्या. चवीनं, सावकाश, बोटं चाटून.

"आक्का!"

"काय रं?"

"काय करताय?"

"चिवडा खातीया. कुणाच्या घरचा हाय? मीठ कमी हाय, पर बरा हाय."

"अहो पण सूर्य?"

"त्याला काय झालंय?" आक्काताईंनी समोरच्या इमारतीकडं बघितलंसुद्धा नाही. "आज सा वाजून सात मिन्टांनी हाय. अजून लय येळ हाय."

वीरधवलनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "बरोबर हाय त्यांचं," तो म्हणाला, आणि त्याला हसू यायला लागलं म्हणून तो तोंड फिरवून उभा राहिला.

"तुम्हाला वेळ माहीत आहे?"

"क्यालेंडरावर लिवलीय की. डोळ्याचं आपरेशन कशाला केलंय मग?"

"मग रोज पाचला सूर्य बुडाला म्हणून कोण सांगत होतं?" अजितकुमारांचा आवाज चढला. दीड महिना. सेन्सर, घंटा, सातारा, शिक्का. "तुमची बाजू घेऊन मी लालासाहेबांना उपाशी घालवला, आक्का!"

आक्काताईंनी मुठीतला चिवडा परत डब्यात टाकला. "विजयमाला कवा येनार हाय?"

"आज सभा आहे. साडेसहाला."

"म्हनून खातीया." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "न्हाईतर रोज साडेपाचला येती. धापा टाकत जिना चढती. खांद्यावरची पिशवी बी खाली ठेवत न्हाई, तशीच कुकर लावती, तशीच भाकरी थापती. एक डोळा तव्यावर आन् एक घड्याळावर. पयला आठवडा मी बगितलं. माज्या घशाखाली उतरंना ती भाकरी. सकाळी करून ठेवते म्हनाली तर चारला उठाया लागली, म्हनून म्हटलं शिळं सोसत न्हाई. तिला नको म्हटलं तर ती ऐकनार हाय व्हय? सूर्याचं नाव घेतलं की कोन वाद घालत न्हाई."

अजितकुमारांनी हातातले कागद पाटाशेजारी ठेवले. खाली विष्णुपंत कुणाला तरी साताऱ्याच्या शिक्क्याबद्दल सांगत होते, ते ऐकू येत होतं.

"मग मला सांगायचं नाही का?" अजितकुमार म्हणाले.

आक्काताईंना या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "तुला? तू कामात हुतास की रं. दिवसभर खाली यंत्र करत बसायचास. मान वर करत न्हवतास. कामातल्या मान्साला भाकरीसाठी कसं उठवायचं?"

यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. आक्काताई मनापासून बोलत होत्या. अजितकुमारांना एवढी लाज वाटली की त्यांनी वीरधवलकडं बघायचंही टाळलं. घरात दिवसभर रिकामा असलेला, दोन्ही हात धड असलेला, कुकरची शिट्टी तीनदा दुरुस्त केलेला एक माणूस होता, आणि दीड महिन्यात एकालाही तो सुचला नव्हता. सगळ्यात आधी त्याला स्वतःला.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये विष्णुपंतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "म्हणजे मूळ अडचण भाकरीची आहे," ते म्हणाले. "मग चौगुले, भाकरी करणारं एखादं यंत्र—"

अजितकुमार खुर्ची घडी करून वर निघून गेले.

चार वाजता ते स्वयंपाकघरात शिरले. वांग्याची भाजी झाली. भाजीत फारसं काही बिघडवता येत नाही. भाकरीला मात्र पीठ कुणाचं ऐकेना. गरम पाण्यानं बोटं पोळली. पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाता जाता मधोमध फाटली. दुसरी तव्याला चिकटली. चौतीस वर्षं मापात अर्धं सूत इकडंतिकडं झालेलं ज्यांच्या नजरेला खपत नव्हतं, त्या माणसाच्या हातून एक गोल वस्तू होईना. आक्काताई दाराशी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. तिसरी थापताना अजितकुमारांच्या कपाळावरचा घाम परातीत पडता पडता राहिला. सव्वापाच वाजले.

शेवटी तीन भाकऱ्या झाल्या. त्यांना भाकऱ्या म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पाटावर बसलेल्या आक्काताईंसमोर ताट ठेवून अजितकुमार बाजूला उभे राहिले. हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. आक्काताईंनी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"कशी झालीय?"

"कच्ची हाय," आक्काताई म्हणाल्या. "कडंला जळलीया आन् मदी कच्ची हाय. पानी लय घातलंस. जाळ बी मोठा हुता. भाजीत मीठ न्हाईच." त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "उद्या पीठ आदी दाबून मळ."

एवढ्यात दार वाजलं. विजयमालावहिनी धापा टाकत आत आल्या, खांद्यावर पिशवी तशीच, चपला काढता काढता नजर घड्याळावर, आणि सवयीनं तरातरा स्वयंपाकघराकडं निघाल्या. दारातच थबकल्या. ओट्यावर पीठ, फरशीवर पीठ, नवऱ्याच्या कानाच्या पाळीलाही पीठ.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

आक्काताईंनी पायानं दुसरा पाट त्यांच्याकडं सरकवला. "बस. आज त्यानं केलंय," त्या म्हणाल्या. "वाईट झालंय, पर झालंय."